मॅनेजरशी बोला

अमरावतीच्या राजकमल चौकात संध्याकाळी, पानठेल्याच्या जरा बाजूला, ठेल्याचा ट्यूबलाइट चेहऱ्यावर पडेल पण येणाऱ्याजाणाऱ्याची पिचकारी पॅन्टवर पडणार नाही अशा बेताने जो उभा असतो, तो आर्टिस्टभाऊ. दुपट्टा तर सगळी अमरावतीच बांधते, मार्च ते जून, डोक्यापासून हनुवटीपर्यंत. हा एकटा तो बारमाही गळ्याला गुंडाळतो. ऊन लागू नये म्हणून नव्हे, आवाज बसू नये म्हणून. चहा घेतो तो कोमट. गिला वडा खातो, पण मिरची काढून बाजूला ठेवतो, आणि ती काढताना चार माणसांनी पाहावं, विचारावं, अशी त्याची मनापासून इच्छा असते.

तुम्ही ओळखीचे, मागच्या गल्लीतले. मंडळाची कोजागिरी आहे, दुधाची कढई ठरली आहे, दूध आटेपर्यंत तासभर लोकांना हसवणारा कोणीतरी पाहिजे. तुम्ही जवळ जाऊन म्हणता, "काय भाऊ, कोजागिरीले मोकळा हायेस काय?" आर्टिस्टभाऊ तुमच्याकडे मोठ्या प्रेमाने पाहतो, उजवा हात छातीवर ठेवतो आणि म्हणतो, "मॅनेजरशी बोला."

"कुठी हाये मॅनेजर?"

मॅनेजर त्याच्या डाव्या खांद्यामागे दीड हातावर, ठेल्यावाल्याशी सुट्ट्या पैशांवरून भांडत असतो. तो वळतो, तुम्हाला जन्मात पहिल्यांदा पाहतोय असा चेहरा करतो (तुमच्या बहिणीचा प्लॉट त्यानेच विकून दिलेला असतो) आणि विचारतो, "हाव, बोला. कोन्या मंडळाकडून?"

हा नमुना एकट्या अमरावतीचा नाही. अकोल्यात गांधी रोडला त्याचा भाऊबंद सापडतो, मूर्तिजापुरात सापडतो, दर्यापुरात सापडतो. परतवाड्याच्या आर्टिस्टभाऊला मॅनेजर परवडत नाही, म्हणून तो स्वतःच आवाज बदलून फोन उचलतो आणि "थांबा, सरांना देतो" म्हणून मूळ आवाजात परत येतो. मिमिक्री येते त्याला, तेवढा खर्च वाचतो.

या माणसाची सुरुवात बहुधा पोळ्यात होते. तोरणाखाली बैलजोड्या उभ्या असतात, झुली चढलेल्या असतात, आणि झडत्या सुरू होतात. सरपंचाला, सावकाराला, सोसायटीच्या सचिवाला हाणणारी झडती जो पोट्टा सगळ्यांत मोठ्याने म्हणतो, त्याचं भविष्य गाव तिथल्या तिथे ठरवून टाकतं : हा आर्टिस्ट होणार. म्हणजे शेती करणार नाही. पुढे कॉलेजचं गॅदरिंग. मग संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाचा युवा महोत्सव, जिथे पाच जिल्ह्यांचे आर्टिस्टभाऊ एकमेकांना पहिल्यांदा पाहतात आणि आपल्यासारखे आणखी इतके आहेत हे कळून दोन दिवस जेवत नाहीत. त्यात मिमिक्रीचं बक्षीस. त्या बक्षिसाचा फोटो फ्रेम होऊन घरात देवांच्या ओळीत लागतो, आणि मुलाच्या नोकरीबद्दल बापाने बोलणं त्या दिवसापासून बंद होतं.

विठ्ठल वाघ, शंकर बडे यांच्यासारख्यांनी वऱ्हाडी बोली कवितेच्या मंचावर नेली, तेव्हा ती ऐकून लोक डोळे पुसत. २०१४ मध्ये झी मराठीवर 'चला हवा येऊ द्या' सुरू झालं आणि अमरावतीच्या भारत गणेशपुरेंनी तीच बोली घरोघरी हशांत पोचवली. त्याचा एक परिणाम असा झाला की अर्ध्या अमरावतीला आपण गणेशपुऱ्यांच्याच वर्गात होतो हे आठवायला लागलं. दुसरा परिणाम असा, की आर्टिस्टभाऊला प्रत्येक बारशात एकच प्रश्न येऊ लागला : "मंग, तू कधी जातं टीव्हीत?"

टीव्हीत जाण्याआधी तो सगळीकडे जाऊन आलेला आहे. नवदुर्गेचे नऊ दिवस, गणपतीचे दहा, शाळांची स्नेहसंमेलनं, बँकेच्या निवृत्तांचा मेळावा, नेत्याचा वाढदिवस, बचतगटाचं हळदीकुंकू. वऱ्हाडात कलाकाराला कोणी 'येऊ नको' म्हणत नाही. फक्त 'किती घेशील' म्हणत नाही, आणि कोणी चुकून म्हटलंच तर घोटाळा आणखी वाढतो. कारण मग आर्टिस्टभाऊ म्हणतो, "तुम्ही द्याल ते."

या तीन शब्दांनी जेवढे कलाकार बुडाले तेवढे दारूने बुडाले नसतील. त्याला कलेक्टरचा आवाज येतो, तुरीच्या अडत्याचा येतो, बडनेरा स्टेशनवरच्या बाईचा "यात्रीगण कृपया ध्यान दें" येतो, कुकरच्या तिन्ही शिट्ट्या वेगवेगळ्या येतात. स्वतःचा भाव मात्र त्याच्या तोंडून निघत नाही. निघायचा कसा? समोर बसलेला अध्यक्ष त्याच्या वडिलांचा वर्गमित्र असतो, सचिव मामेभाऊ असतो, खजिनदाराने त्याला लहानपणी सायकल शिकवलेली असते. शिवाय हा मुलूख पडला गाडगेबाबांचा. त्यांनी आधी गाव झाडलं, मग कीर्तन केलं, आणि जमलेल्या पैशाच्या धर्मशाळा बांधल्या. स्वतःसाठी खापराचं गाडगं ठेवलं. तिकडे मोझरीला तुकडोजी महाराजांची खंजिरी. अशा मातीत माइकसमोर उभं राहून "पाच हजार अधिक जाणं-येणं" म्हणायला जीभ रेटत नाही. मंडळांनी ही संतपरंपरा फार मनोभावे जपली आहे, पण फक्त कलाकारापुरती. डीजेवाल्याला निम्मे आगाऊ, मंडपवाल्याला आगाऊ, दूधवाल्याला रोख. कलाकाराला शाल, श्रीफळ, आणि ज्यावर 'मानधन' लिहिलंय पण जे दिव्यासमोर धरलं तर आतली पाचशेची एकच नोट दिसते असं पाकीट; वर चिकटवलेला एक रुपया. "फूल ना फुलाची पाकळी," असं म्हणून अध्यक्ष ते माइकवरून देतात, म्हणजे उघडून पाहायची सोय नाही.

शालींनी दिवाण भरला. वहिनींनी काही दिवस त्या नातेवाइकांच्या लग्नात फिरवल्या. मग अशी वेळ आली की एका आहेराची शाल फिरत फिरत पुन्हा स्टेजवर आली आणि आर्टिस्टभाऊच्याच खांद्यावर पडली. कोपऱ्यातल्या हळदीच्या डागावरून वहिनींनी ती ओळखली. त्या रात्री जेवताना त्यांनी शांतपणे विचारलं, "या शालीवर शिलिंडर देते काय हो गॅसवाला?"

मॅनेजरची कल्पना जन्माला आली ती इथे. पण गडी आधी मुंबईलाच गेला. अमरावती एक्सप्रेस संध्याकाळी उचलते आणि पहाटे सीएसएमटीला टाकते. तिथून लोकलने अंधेरी, आणि अंधेरीहून विचारत विचारत वर्सोव्याचं आरामनगर. नाव आराम, पण त्या जुन्या बैठ्या घरांसमोर सकाळपासून जी पोरं रांग लावून उभी असतात त्यांना तो मिळालेला नाही. दारात एक पोरगा बसलेला असतो. तो वर पाहतो आणि म्हणतो, "नॉट फिट." संपलं. कशासाठी नॉट फिट हे विचारायची पद्धत नाही. चौथ्या-पाचव्या दारात आत घेतलं तर कॅमेऱ्यासमोर उभं करून नाव, वय, उंची, डावी बाजू, उजवी बाजू, दोन्ही हातांचे पंजे. "विदर्भ का है? अच्छा, थोडा गावठी बोलके बता." आर्टिस्टभाऊने जीव ओतून अस्सल दर्यापुरी वऱ्हाडी ऐकवली. कॅमेऱ्यामागचा पोरगा म्हणाला, "ये नही. वो सीरियल में जो बोलते है ना, वो गावठी." ते गावठी महाराष्ट्रातल्या कुठल्या गावात बोलतात याचा शोध मी स्वतः बरीच वर्षं घेतो आहे. ते गाव बहुधा फिल्मसिटीतच वसवलेलं असावं.

मुंबईने त्याला काम दिलं नाही, पण ज्ञान दिलं, आणि ते ज्ञान तो आजही पानठेल्यावर फुकट वाटतो. कास्टिंग डायरेक्टर वेगळा आणि एजंट वेगळा. कास्टिंगवाल्याला पैसे देतो निर्माता. एजंट, ज्याला तिकडे को-ऑर्डिनेटर किंवा मॅनेजर म्हणतात, तो घेतो कलाकाराच्या कमाईतून, साधारण दहा ते वीस टक्के, आणि तेही कलाकाराला मिळाल्यावर. टीव्हीचा पैसा हातात यायला नव्वद दिवसांचा वायदा असतो. (हे ऐकून आर्टिस्टभाऊला घरच्यासारखं वाटलं, आपल्याकडे "कापूस गेला की देतो" म्हणतात, तो वायदा जवळपास तेवढाच पडतो.) आणि दोघांपैकी कोणीही आधी पैसे मागितले, रजिस्ट्रेशनचे म्हणा, पोर्टफोलिओचे म्हणा, वर्कशॉपचे म्हणा, की चप्पल घालायची आणि निघायचं.

हे शेवटचं कलम त्याला मुंबईत नव्हे, अकोल्यात शिकायला मिळालं. एका हॉटेलच्या हॉलमध्ये 'मुंबईची टीम' उतरली होती. पाच वर्षांच्या पोरींना लिपस्टिक लावून आया रांगेत, बाप पार्किंगमध्ये एटीएमचा पिन आठवत. प्रत्येक पोर 'सिलेक्ट' झालं. एकही पोर नापास न करणारी परीक्षा शिक्षण खात्याबाहेर मी तेवढीच पाहिली. टीम रात्रीच्या गाडीने गेली आणि तिच्यासोबत फोन नंबरही गेला.

जे खरे, नावाजलेले एजंट, त्यांचं म्हणणं सरळ होतं : आधी काम दाखव, मग तुला घेतो. आणि काम देणाऱ्याचं म्हणणं : कोणाच्या थ्रू आलास? हा गुंता सोडवत बसायला वर्सोव्यात खोली घ्यावी लागते, आणि तिचं भाडं शालींत भरता येत नाही. आर्टिस्टभाऊ परत आला. येताना शेगावला कचोरी खाल्ली, मिरचीसकट.

महाराष्ट्रात असं नाही की ही सोय कुठेच नाही. जुन्नर तालुक्यात नारायणगावला गुढीपाडव्याच्या सुमाराला तमाशांच्या राहुट्या लागतात. जत्रेवाल्या गावांचे कारभारी येतात, राहुटीत बसतात, चहा पितात, फड कोणता, रात्र कोणती, रक्कम किती, ते ठरतं आणि सुपारी फुटते. कलाकाराने स्वतःचा भाव स्वतः सांगायचा प्रसंग येत नाही. ते पाहायला फडाचा मॅनेजर बसलेला असतो. इकडे पूर्व विदर्भात वडसा-देसाईगंजला झाडीपट्टी नाटकांच्या कंपन्यांनी रीतसर ऑफिसं थाटलेली असतात. दिवाळी ते होळी हा हंगाम. गावात शंकरपट ठरला की गावकरी वडशाला येऊन नाटक बुक करून जातात, आणि नाटक रात्रभर, तिकीट लावून चालतं. म्हणजे पश्चिमेला बाजारपेठ आहे, पूर्वेला आहे, आणि मधला आमचा वऱ्हाड कापसाची आणि तुरीची एवढी मोठी बाजारपेठ असून विनोदाचा भाव पानठेल्यावर काढतो. हे तेच अमरावती आहे जिथल्या वीर वामनराव जोशांचं 'रणदुंदुभी' दीनानाथ मंगेशकरांच्या कंपनीने गाजवलं. इथे कलेची हौस कमी कधीच नव्हती. रोकडीची गोष्ट मात्र अवघड जागेच्या दुखण्यासारखी. जो तो दुसऱ्याने काढायची वाट पाहतो.

तर, ती गोष्ट काढणारा माणूस आर्टिस्टभाऊला सापडला तो रहाटगावच्या एका लेआउटवर. तिथे तो भूमिपूजनाचं सूत्रसंचालन करायला गेला होता (शाल, श्रीफळ) आणि मंडपामागे एक प्लॉटचा दलाल गिऱ्हाइकाशी बोलत होता. बोलत होता असं म्हणणंही चूकच. गिऱ्हाइकाने आकडा सांगितला. दलालाने खिशातून खर्ऱ्याची पन्नी काढली, तळहातांत धरली आणि घोटायला लागला. खर्र खर्र खर्र. मान खाली, नजर पन्नीवर. ना हो, ना नाही, ना "बघा बुवा". सुपारी नि तंबाखू एकजीव होईपर्यंत एक अक्षर नाही. तेवढ्या वेळात गिऱ्हाइकाने घाम पुसला, बायकोकडे पाहिलं, आणि कोणी काही विचारलेलं नसताना फुटामागे पन्नास रुपयांनी वर आलं. दलालाने पन्नी पलटली. गिऱ्हाईक आणखी वीस रुपयांनी वर आलं. आर्टिस्टभाऊ सूत्रसंचालन विसरून पाहत राहिला. बालगंधर्वांना पहिल्यांदा ऐकून एखादा तरणा गायक जसा घरचा पत्ता विसरला असेल, तशी त्याची गत झाली.

तिथल्या तिथे त्याने प्रस्ताव टाकला. आणि इथेच त्याचा मूळ स्वभाव आडवा आला. दलालाच्या धंद्याचा शिरस्ता दोन टक्के, जमलं तर दोन्हीकडून. तो मनात दोन धरून बसला होता. आर्टिस्टभाऊच्या डोक्यात मुंबईचा भाव. "वीस टक्के देईन," तो म्हणाला. दलालाचा हात पन्नीकडे गेला आणि अर्ध्यातच थांबला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने न घोटता हो म्हटलं.

करारनामा लिहायला दोघं कोर्टासमोरच्या अर्जनविसाकडे गेले. पहिला वाद बाँडचा. शंभराचा स्टॅम्पपेपर ऑक्टोबर २०२४ मध्ये सरकारने बाद करून किमान पाचशेचा केला, हे आर्टिस्टभाऊला ठाऊक नव्हतं. पाचशे म्हणजे एका कार्यक्रमाचं अख्खं पाकीट. ते कोणी भरायचे यावर मॅनेजर आणि कलाकार यांच्यात जी चर्चा झाली ती ऐकून आजूबाजूच्या वारसदाखल्यावाल्यांनी आपापले वाद मिटवले.

दुसरी अडचण अर्जनविसाची. त्याला तीस वर्षांत इसारचिठ्ठीखेरीज काही लिहायची वेळ आली नव्हती. त्याने तोच नमुना काढला आणि जिथे जिथे 'प्लॉट' तिथे तिथे 'आर्टिस्ट' घातलं. तो दस्त मी वाचला आहे. मराठी गद्यात त्याला तोड नाही. 'लिहून देणार' आर्टिस्टभाऊ, 'लिहून घेणार' मॅनेजर. 'सदरहू आर्टिस्ट हा लिहून देणार यांच्या स्वकष्टार्जित मालकीचा असून त्यावर कोणत्याही बँकेचा, पतसंस्थेचा अगर खासगी इसमाचा बोजा नाही.' (पतसंस्थेचा होता, स्कूटीचा. त्याने ओशाळून तो सांगितला. अर्जनविसाने 'स्कूटी सोडून' असं कंसात घातलं.) 'सदरहू आर्टिस्टची चतुःसीमा येणेप्रमाणे : पूर्वेस नागपूर, पश्चिमेस मलकापूर, उत्तरेस चिखलदरा, दक्षिणेस यवतमाळ.' या हद्दीबाहेर तो स्वतंत्र आहे, आत मॅनेजरचा. 'आर्टिस्टचा प्रत्यक्ष ताबा आजच रोजी दिला असे.' आणि 'ही गोष्ट उभयतांच्या वारसांवर बंधनकारक राहील,' म्हणजे आर्टिस्टभाऊच्या तीन वर्षांच्या पोरीने उद्या शाळेत नाच केला तरी वीस टक्के.

वहिनींनी तो कागद सही व्हायच्या आत वकील असलेल्या काकांकडे नेला. काकांनी चष्मा काढला, हसून घेतलं, चष्मा लावला आणि लाल पेन उचललं. वारस कापले. ताबा कापला. 'मुदत संपल्यावरही पाच वर्षे लिहून देणार यांनी लिहून घेणार यांस विचारल्याशिवाय अन्य मॅनेजर करू नये' हे कलम वाचून ते थांबले.

"झहीर खान म्हाईत हाये का तुले?" त्यांनी मॅनेजरला विचारलं.

"श्रीरामपूरचा? डावखुरा?"

मग काकांनी ती हकिकत सांगितली. झहीरने २००० साली एका कंपनीशी तीन वर्षांचा करार केला होता. मुदत संपल्यावर दुसऱ्याकडून प्रस्ताव आला तरी आधी आम्हाला विचारायचं, अशी त्यात अट. मुदत संपली, तो दुसरीकडे निघाला, कंपनी कोर्टात गेली. २००६ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की करार संपला की त्याची बेडीही संपली; माणसाला त्याचा धंदा करण्यापासून अडवणारी अट १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २७ खाली चालत नाही. मॅनेजरने सगळं लक्ष देऊन ऐकलं. त्याला यातून एवढाच बोध झाला की आर्टिस्टभाऊ आता झहीर खानच्या केसमध्ये आला आहे. संध्याकाळपर्यंत ती बातमी चौकात पोचली.

अमरावती ते अकोला रस्त्यावर लोणी ते माना हा पंचाहत्तर किलोमीटरचा डांबरी पट्टा जून २०२२ मध्ये एकशे पाच तास तेहतीस मिनिटांत टाकला गेला आणि गिनीज बुकात गेला. आर्टिस्टभाऊचं ते दोन पानांचं ॲग्रीमेंट सह्यांपर्यंत यायला त्याहून जास्त वेळ लागला. पण झाल्या एकदाच्या सह्या. पेढे वाटले. पेढ्यांचे पैसे कोणाच्या खाती, हे अजून ठरायचं आहे.

त्यानंतर या माणसात जो बदल झाला, तो पाहण्यासारखा. काम तेवढंच, मंडळं तीच, विनोद तर तेच. पण चालण्यात वजन आलं. पूर्वी फोन वाजला की तो धावत उचलायचा. आता वाजू देतो, नंबर पाहतो आणि मॅनेजरला फोन लावून सांगतो की तुला फोन येईल. तो चक्कीवर दळणाच्या रांगेत असतो, कपाळावर पीठ असतं, आणि मॅनेजर तिकडे सांगत असतो, "आर्टिस्ट शूटिंगमधी हायेत. दोन दिवस नाही बोलू शकत." आर्टिस्ट, आणि आदरार्थी! स्वतःच्या बापाने त्याला कधी 'अहो' म्हटलं नव्हतं.

मॅनेजरही शिकत गेला. कुठूनसा मोठ्या कलाकारांच्या अटींचा कागद त्याच्या हाती लागला आणि त्याने तो अंगाला लावून घेतला. प्रवास वेगळा, राहणं वेगळं, मेकअपसाठी आरसा, पिण्यास कोमट पाणी. अकोल्याच्या मंडळाने मे महिन्यातल्या कार्यक्रमाला हे शेवटचं कलम वाचून कळवलं की त्यासाठी वेगळी व्यवस्था लागत नाही. पारा पंचेचाळिसावर असतो, नळ सोडला की येते. १६ एप्रिल २०२५ ला अमरावतीच्या बेलोरा विमानतळाहून मुंबईचं विमान सुरू झालं, तेव्हापासून मॅनेजर सर्रास "आर्टिस्ट फ्लाइटनं येतात" असं ठोकायला लागला. अकोल्याच्या सचिवाने नम्रपणे विचारलं, "भाऊ, अमरावतीवून अकोल्याले कोनतं फ्लाइट?" मॅनेजर पन्नी घोटत राहिला. फोनवरही ते चालतं, हा त्याचा शोध. पलीकडच्याला नुसती खरखर ऐकू येते, त्याला वाटतं लाइनमध्ये बिघाड आहे, आणि तो घाईघाईने भाव वाढवतो.

आणि पैसे यायला लागले, हे नाकबूल करता येणार नाही. पाकिटाच्या जागी फोनवर 'टिंग' व्हायला लागलं, आणि तेही कार्यक्रमाआधी निम्मं. ज्या अध्यक्षाने बारा वर्षं फुलाची पाकळी दिली होती, त्यानेच मॅनेजरला सात हजार दिले आणि वर म्हणाला, "मंग आधी सांगाचं ना बापा, आमाले वाटे का पोट्टा हौसेनं करते!" हे ऐकून आर्टिस्टभाऊ दोन दिवस गप्प होता. वहिनी नव्हत्या. त्यांनी बारा वर्षांचा हिशेब काढून दाखवला.

घरचे लोक मात्र या व्यवस्थेत बसेनात. मामाने नातवाच्या जावळाला बोलावलं. "मॅनेजरशी बोला," हे आर्टिस्टभाऊ सवयीने बोलून गेला. मामा बोलले मॅनेजरशी. काय बोलले ते मॅनेजरने आजवर सांगितलेलं नाही. पण जावळाला आर्टिस्टभाऊ तर गेलाच, मॅनेजरही गेला, पंगतीत वाढायला होता, आणि दोघांनी मिळून आहेर केला.

मागच्या उन्हाळ्यात अकोल्याच्या त्याच मंडळाने प्रमिलाताई ओक सभागृहात कार्यक्रम ठेवायचं मनावर घेतलं. बोलणं मॅनेजरशी, तेही स्पीकरवर, कारण समितीचे सगळे जण भाव ऐकायला बसले होते. मॅनेजर त्या दिवशी रंगात होता. आर्टिस्टचा मूड, आर्टिस्टचं पोट, आर्टिस्टला साप चावला तेव्हा सापाचीच तब्येत कशी बिघडली, आर्टिस्टच्या शालींवर इन्कम टॅक्सची कशी नजर आहे. अर्धा तास समिती लोळत होती. कोणीतरी बायकांना स्वयंपाकघरातून बोलावून आणलं. शेवटी सचिवाने डोळे पुसले आणि म्हणाला, "भाऊ, आर्टिस्टचं राहू द्या. तुमी सोता किती घेता?"

मॅनेजरने पन्नी काढली. घोटली. समिती अडीच हजारांनी वर आली.

अकोल्याला दोघंही गेले, स्कूटीवर. स्टेजवर मॅनेजर उभा राहिला आणि आर्टिस्टभाऊ विंगेत कोमट पाण्याची बाटली धरून. कार्यक्रम दणक्यात झाला. परतताना मूर्तिजापूरच्या पुढे एका टपरीवर चहाला थांबले, तेव्हा आर्टिस्टभाऊने खिशातून तो पाचशेचा बाँड काढला, काकांच्या लाल पेनातून वाचलेलं कलम चार उघडलं, ज्यात 'उभयतांपैकी कोणासही मिळणाऱ्या सर्व कार्यक्रमांवर' असे शब्द होते, अर्जनविसाच्या कृपेने, आणि म्हणाला, "वीस टक्के."

बारा वर्षांत पहिल्यांदा त्याच्या तोंडून स्वतःसाठीचा आकडा निघाला होता.

"दोन," मॅनेजर म्हणाला. "आपल्या धंद्याचा शिरस्ता हाये."

आर्टिस्टभाऊ तंबाखूला शिवत नाही, आवाज बसतो. त्याने मॅनेजरच्या वरच्या खिशातून पन्नी उपसली, दोन्ही तळहातांत धरली, मान खाली घातली आणि घोटायला लागला.

"बरं, तीन," मॅनेजर म्हणाला.

आर्टिस्टभाऊने पन्नी पलटली.

"अबे पाच घे ना बापा! सात... मी काय म्हणतो, ऐक तं—"